मोजा

कूलर मुळात निळा होता म्हणे.
आता त्याला उन्हाचाच रंग आलाय.
झाकणावर मार्करनं लिहिलेली नावं:
रोडेल,
त्याखाली मला न वाचता येणारी मल्याळी अक्षरं,
मग तमांग, त्यावर आडवी रेघ,
आणि शेवटी मी. हरेश्वर पावसे, हर्णै.
गावाचं नाव का लिहिलं कोण जाणे.
सोहारच्या बंदरात हर्णै कोण शोधणार?

तमांगनं जाताना पाच रियालला दिला.
म्हणाला, बारा मीटरवरून पडलाय एकदा,
पराती खालून ओरडल्या, माणसं पळाली,
आणि आतलं अंडंसुद्धा शाबूत.
कडी तेवढी तुटली.
तिथं आता बाइंडिंग वायरचा पीळ आहे,
तोही तमांगच्याच हातचा.

भरायची रीत मला कुणी शिकवली नाही.
होडीच्या खणात बापूस असाच भरायचा:
आधी बर्फ, मग गोणपाट, मग मासळी.
बर्फाला अंग लागू देऊ नको, म्हणायचा,
थंडीनंपण मांस जळतं.
त्याची बोटं तशीच होती, जळलेली, पांढुरकी.
इथं गोणपाट नाही, कंपनीचा टॉवेल आहे.
बर्फ, टॉवेल, लबनच्या दोन बाटल्या,
खुबूस,
आणि डबीत सुक्या जवळ्याची चटणी,
जिच्यापायी खोलीतले तिघं नाक धरतात
आणि जेवताना चमचा पुढे करतात.

कोपऱ्यात एक मोजा.
काळा, टाचेला विरलेला.
तो माझा नाही.
गुलजमान वेल्डरनं दिला, एप्रिलात, बसच्या आडोशाला,
चोरीचं सोनं द्यावं तसा.
आत इन्सुलिनच्या दोन कुप्या, चार सुया.
कॅम्पच्या फ्रिजात ठेवलं तर कळेल,
कळलं तर मेडिकल,
मेडिकल झालं तर स्वाबीचं तिकीट,
आणि स्वाबीत चार मुली, छप्पर न पडलेलं घर.
माझ्याकडेच का, विचारलं.
म्हणाला, तुला बर्फ कळतो.

साडेबाराचा भोंगा होतो.
पाइपरॅकखाली सावलीची एक पट्टी असते, हातभर,
तिच्यात आम्ही नऊजण.
गुलजमान येतो, लबन मागतो,
बाटलीसोबत मोजा उचलतो,
केबलच्या मोठ्या ड्रमामागे जातो.
मी तेवढा वेळ आभाळाकडे बघतो.
आभाळात बघण्यासारखं काहीच नसतं.
परत येतो तेव्हा शर्ट नीट खोचलेला,
अर्धा खुबूस माझ्या हातावर ठेवतो,
माझाच.

गेल्या बुधवारी सेफ्टीवाला आला.
प्लांटमध्ये कुणीतरी फोन आणतंय म्हणून झडती.
बॅगा झाल्या, हेल्मेटं उलटी झाली,
मग कूलरपाशी बसला, वायरचा पीळ सोडायला लागला.
गुलजमाननं बूट बघायला सुरुवात केली,
एक लेस, मग दुसरी.
माझ्या पाठीवरचा घाम जागच्या जागी थांबला.
झाकण उघडलं.
डबीचं टोपण सकाळीच सैल राहिलं होतं,
टॉवेल, खुबूस, बर्फ, सगळ्यांत जवळा.
सेफ्टीवाल्यानं मान अशी मागे घेतली
जशी वेल्डिंगच्या ठिणगीपासून घेतात.
हे खाता तुम्ही?
खातो, मी म्हटलं.
झाकण त्यानं पायानंच लोटलं.

नंतर कुणी हसलं नाही.
गुलजमाननं टॉवेल झटकून पुन्हा नीट घातला,
मोज्याला बर्फ टेकत नाही ना ते बोटानं बघितलं,
आणि पहिल्यांदाच डबीत बोट बुडवलं.
डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तिखट असते चटणी.

रात्री फोन केला.
आये, जवळा पाठव अजून, येणाऱ्या कुणाबरोबर.
एवढा संपला?
संपला.
वास नाही ना लागत तिथं कुणाला?
लागतो, म्हटलं.
लागू दे.